मैत्री उद्यानातले चिनार

संगम दिसला की आपले हात नकळत जुळतात. बेलग्रेडच्या जुन्या किल्ल्यावरून सावा नदी डॅन्यूबला मिळताना पाहिली आणि आमच्या सौ.नी चक्क नमस्कार केला! समोरच्या काठावर गर्द झाडी होती आणि जवळच एक उंच मनोरा. दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून आम्ही तिकडे गेलो.

ती झाडी म्हणजे ‘मैत्री उद्यान’. १९६१ च्या सप्टेंबरात अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद या शहरात भरली. नेहरू, नासर, सुकार्नो अशी मंडळी जमली. त्या निमित्ताने पाहुण्यांनी इथे चिनारच्या जातीची रोपे लावली. आज त्यांची सावली दाट पडते.

बाकावर एक आजोबा बसले होते. आम्ही भारतातले म्हणताच “नेहरू!” असे म्हणून त्यांनी सौ.ना जागा करून दिली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत गप्पा रंगल्या.

“दोन महासत्तांच्या मध्ये राहून तुमच्या युगोस्लाव्हियाला हे धाडस झाले कसे?” मी विचारले.

आजोबांनी मनोऱ्याकडे बोट दाखवले. “पुढे आमच्या पक्षाची मध्यवर्ती समिती तिथे बसे. उत्तर त्या पक्षापाशी होते.”

खरेच होते ते. शेजारच्या बहुतेक देशांत कम्युनिस्ट पक्ष रशियन फौजेच्या आधाराने गादीवर आले. टिटोंच्या पक्षाजवळ स्वतःच्या गनिमी लढ्याची पुण्याई होती. म्हणून २८ जून १९४८ रोजी स्टॅलिनच्या गोटाने त्याला जातीबाहेर टाकले, तरी तो मोडला नाही. “आमचा समाजवाद आमच्या वाटेने,” असे म्हणून १९५० मध्ये त्याने कारखान्यांचा कारभार कामगार मंडळांकडे देणारा कायदा केला. घरात हा बाणा राज्य करण्याचा अधिकार ठरला. बाहेर त्याचेच नाव अलिप्तता. सूत एकच, वस्त्रे दोन! आणि बाहेर मिळालेला मान पुन्हा घरातच पक्षाच्या पदरी पडे.

“आमचा पासपोर्ट लंडनला चाले, मॉस्कोलाही चाले,” आजोबा म्हणाले. “तो खिशात असला की पक्षाशी वाद घालावासा वाटत नसे.”

“आणि घालणारे?” सौ.नी विचारले.

आजोबा क्षणभर गप्प झाले. “समुद्रात गोली ओतोक नावाचे एक ओसाड बेट आहे. स्टॅलिनची बाजू घेणाऱ्यांना, आणि नुसता संशय आलेल्यांनाही, तिकडे धाडीत.”

१९८० मध्ये टिटो गेले. जानेवारी १९९० मध्ये याच नव्या बेलग्रेडातल्या एका सभागृहात पक्षाचे अधिवेशन भरले. स्लोव्हेनियाचे प्रतिनिधी उठून गेले, पाठोपाठ क्रोएशियाचे. पक्ष फुटला. पुढच्याच वर्षी देश फुटला, रक्त सांडले. घराचा मधला खांब पक्षाचाच होता. तो पडल्यावर आढे कोण धरणार? १९९९ मध्ये नाटोच्या क्षेपणास्त्रांनी मनोराही जळाला. आता तो दुरुस्त झाला आहे. आत कचेऱ्या आहेत, शेजारी भले मोठे दुकान-संकुल आहे.

निघताना सौ.नी चिनारचे एक गळालेले पान उचलून डायरीत ठेवले. आजोबा हसले.

“मीही एक वस्तू अशीच जपून ठेवली आहे,” ते म्हणाले. “तो पासपोर्ट. त्याच्यावरचा देश तेवढा राहिलेला नाही.”