सत्तरीतल्या सात मात्रा

२६ मार्च २०२२. लंडनच्या ओटू अरीनामध्ये जेनेसिस या बँडचा शेवटचा कार्यक्रम. ७१ वर्षांचे फिल कॉलिन्स काठी टेकत रंगमंचावर येतात आणि मधोमध मांडलेल्या खुर्चीत बसतात. एकेकाळी ज्या ड्रम्सवर ते स्वतः बसत, तिथे त्यांचा २० वर्षांचा मुलगा निक बसलेला आहे. प्रेक्षकांत पीटर गेब्रिएल आहेत, १९७५ साली बँड सोडून गेलेले मूळ गायक.

कॉलिन्स यांच्या मानेच्या मणक्याला २००७च्या दौऱ्यात दुखापत झाली. पुढे शस्त्रक्रिया झाली, पण हातांच्या नसा पूर्ववत झाल्या नाहीत. या अखेरच्या दौऱ्याआधी त्यांनी मुलाखतीत सांगून टाकलं होतं की, एका हातात ड्रमची काठी धरणंही आता जमत नाही. ज्या माणसाच्या हातांनी सत्तरच्या दशकातल्या इंग्लिश रॉकला लयीची नवी समज दिली, त्याने बसून फक्त गायचं ठरवलं.

या दौऱ्यात सुरुवातीलाच ‘टर्न इट ऑन अगेन’ हे गाणं असे. त्याचं आवर्तन १३ मात्रांचं आहे. कानाला ते साध्या चालीचं वाटतं, पाय सरळ ठेका धरू पाहतो आणि सम भलत्याच ठिकाणी येऊन पडते. ड्रम शिकवताना मी हे गाणं विद्यार्थ्यांना सहा आणि सात अशी फोड करून मोजायला लावतो. तरीही पहिल्या काही आवर्तनांत बहुतेकांची सम चुकते. निक ते वाजवतो तेव्हा मोजणी कुठे जाणवतच नाही. ठोक्याचं वजन वडिलांचं, हाताची चपळाई त्याची स्वतःची. ते आवर्तन आता कॉलिन्स यांच्या पाठीमागून त्यांच्याच दिशेने येतं आणि त्यावर ते गातात.

प्रोग्रेसिव्ह रॉक, चाहत्यांच्या बोलीत ‘प्रॉग’, हा साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रुजलेला प्रकार. किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम १९६९चा, येसचा ‘क्लोज टू द एज’ १९७२चा, जेनेसिसचा ‘फॉक्सट्रॉट’ही त्याच वर्षीचा. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून या मुलांनी वीस-वीस मिनिटांच्या रचना बांधल्या. त्यांत चर्चचा ऑर्गन होता, जॅझ होतं, पाश्चात्त्य अभिजात संगीताची बांधणी होती, सात, नऊ, तेरा मात्रांचे ताल होते. ‘मुलांनी’ असं म्हणायचं कारण म्हणजे तेव्हा यांतले बहुतेक वादक विशीत होते. आज जे हयात आहेत ते पंचाहत्तरीच्या आगेमागे आहेत आणि त्यांतले बरेच जण अजून दौरे करतात.

वय सगळ्याच कलावंतांना गाठतं, पण प्रॉगच्या वादकाला ते फार अडचणीच्या जागी गाठतं. आपल्याकडे सत्तरी ओलांडलेला ख्यालगायक पट्टी स्वतः ठरवतो, लय स्वतः ठरवतो, द्रुत ताना नको वाटल्या तर आलापीत रमतो. बंदिश दोन ओळींची. बाकीचा डोलारा त्या संध्याकाळी जसा सुचेल तसा उभा राहतो. प्रॉगमध्ये जवळजवळ सगळंच आधी बांधलेलं असतं. ‘क्लोज टू द एज’च्या १८ मिनिटांत बेस कुठे वळतो, ऑर्गन कुठे उसळतो, ड्रम कुठे थांबतो हे पक्कं ठरलेलं आहे आणि श्रोत्यांना ते ५० वर्षांपासून तोंडपाठ आहे. एकाने एक मात्रा खाल्ली तर बाकीचे चौघे उघडे पडतात. विशीतल्या हातांसाठी लिहिलेलं हे संगीत पंचाहत्तरीत वाजवायचं तर काय राखायचं आणि काय सोडायचं, याचा निर्णय प्रत्येकाला घ्यावाच लागतो. हे कार्यक्रम पाहायला जावं ते या निर्णयांसाठी.

पहिला निर्णय बहुधा पट्टीचा. वयाबरोबर गळ्याची लवचीकता कमी होते, वरचे सूर आधी निसटतात. जेनेसिसने बरीच गाणी खालच्या पट्टीत घेतली आणि आपल्या इतिहासात प्रथमच साथीला दोन गायक उभे केले. पट्टी उतरली की गाण्याचा रंग बदलतो. गिटारच्या मोकळ्या तारांचा झणत्कार हरवतो, कीबोर्डचे स्वरसमूह दाट आणि गडद होतात. शेवटच्या दौऱ्यातलं जेनेसिस ऐकताना तो गडदपणा स्पष्ट कळतो आणि कॉलिन्स यांच्या खरखरीत झालेल्या आवाजाला तो शोभतोही.

जॉन अँडरसन यांची गोष्ट उलट आहे. येसचे हे मूळ गायक २००८मध्ये श्वसनाच्या गंभीर आजारातून गेले. बँड त्यांच्याशिवाय पुढे निघून गेला. त्यांच्या जागी आलेला गायक येसचीच गाणी वाजवणाऱ्या एका बँडमधून आला होता. कथा तिथेच संपायला हवी होती. पण अँडरसन यांनी पुढे बँड गीक्स या अमेरिकी वादकांच्या चमूबरोबर जुन्या लांबलचक रचना पुन्हा उभ्या केल्या आणि २०२४मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, त्यांच्यासोबत ‘ट्रू’ हा नवा अल्बम काढला. त्यांचा आवाज मुळातच उंच आणि हलका, जोर लावून ओरडण्याची सवय त्यांना कधीच नव्हती. दमसास कमी झाला असेल, पण आवाजाची जात तीच राहिली आहे.

येसचा दुसरा अर्धा भाग गिटारवादक स्टीव्ह हाऊ यांच्याकडे आहे. ‘अँड यू अँड आय’ या गाण्यात हाऊ काय करतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. स्टँडवर बसवलेल्या बारा तारांच्या गिटारवर ते सुरुवात करतात, मग दोन पावलं बाजूला सरकून स्टील गिटारवर येतात आणि तिथून तो लांब, तरंगणारा सूर सोडतात. सरकायला मिळणारा वेळ मोजून काही क्षणांचा. विशीत ही कसरत होती; पंचाहत्तरीत ती काटेकोर शिस्त झाली आहे. येसचे अलीकडचे कार्यक्रम मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा संथ चालतात, अशी तक्रार चाहते करतात आणि ती खरी आहे. ‘क्लोज टू द एज’च्या सुरुवातीला जो बेभान गोंधळ हवा, तो संथ लयीत थोडा निवळतो. पण आतल्या ओळी, विशेषतः बेस आणि गिटारची एकमेकांत अडकलेली वीण, अशी उलगडून क्वचितच ऐकायला मिळते. शिवाय संथ लय धरून ठेवणं ड्रमरला जलद लयीपेक्षा जड जातं, हे कुणीही वादक सांगेल.

याच बँडने आपल्या माणसांना रंगमंचावरून कसा निरोप दिला, तेही लक्षात ठेवावं. बेसवादक ख्रिस स्क्वायर जून २०१५मध्ये गेले. त्यानंतरच्या दौऱ्यात कार्यक्रमाआधी रिकाम्या रंगमंचावर त्यांच्या बेसवर प्रकाशझोत टाकून त्यांचं ‘ऑनवर्ड’ हे गाणं ऐकवलं जाई. ड्रमर अॅलन व्हाइट यांनी १९७२ साली अवघ्या तीन दिवसांत सगळा संच शिकून पहिला कार्यक्रम निभावला होता. तब्येत खालावल्यावर जे शेलन हा दुसरा ड्रमर कार्यक्रमाचा बराचसा भाग वाजवू लागला आणि व्हाइट शेवटच्या काही गाण्यांना येऊन बसू लागले. मे २०२२मध्ये, ‘क्लोज टू द एज’च्या पन्नाशीचा दौरा तोंडावर असताना, ते गेले. दौरा थांबला नाही.

हात साथ देईनासे झाले की काय होतं याची सर्वांत दुःखद गोष्ट कीथ इमर्सन यांची. इमर्सन, लेक अँड पामरचा हा कीबोर्डवादक उजव्या हाताच्या नसांच्या दुखण्याने वर्षानुवर्षं त्रासलेला होता. जपानमधले कार्यक्रम जवळ आले होते, पूर्वीसारखं वाजवता येणार नाही याची धास्ती होती. मार्च २०१६मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ग्रेग लेकही कर्करोगाने गेले. उरलेल्या कार्ल पामर यांनी मार्ग काढला. १९९२च्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या कार्यक्रमाच्या चित्रणातून इमर्सन आणि लेक पडद्यावर वाजवतात आणि पामर त्यांच्याबरोबर समोर, प्रत्यक्ष ड्रम वाजवतात. पडदा लय बदलत नाही, कुणासाठी थांबत नाही. सत्तरी पार केलेल्या ड्रमरला बेचाळिशीतल्या स्वतःच्या लयीला जुळवून घ्यावं लागतं, तेही दिवंगत मित्रांच्या साथीने.

श्वासाचा प्रश्न इयन अँडरसन यांचा. जेथ्रो टल या बँडचा हा बासरीवादक एका पायावर उभा राहून वाजवण्यासाठी ओळखला जातो. मुंबईशी त्यांचं नातं कायमचं जोडलं गेलं ते २००८मध्ये. अनुष्का शंकर यांच्यासोबतचा त्यांचा भारत दौरा चालू असतानाच २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला. ठरलेला कार्यक्रम होऊ शकला नाही. पण दोघांनी ५ डिसेंबरला मुंबईत हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी ‘अ बिलियन हँड्स’ हा कार्यक्रम केला. २०२०मध्ये अँडरसन यांनी फुप्फुसांचा जुनाट आजार असल्याचं जाहीर केलं आणि रंगमंचावरच्या धुराच्या यंत्रांना त्याचा दोष दिला. त्यानंतरच्या पाच वर्षांत जेथ्रो टलचे तीन नवे अल्बम आले.

या सगळ्यांत सर्वांत धाडसी निर्णय किंग क्रिम्सनचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांचा वाटतो. २०१४मध्ये बँड पुन्हा उभा करताना त्यांनी तीन ड्रमर घेतले आणि त्यांना रंगमंचाच्या पुढच्या रांगेत बसवलं. बाकीचे मागे, उंच चौथऱ्यावर. फ्रिप स्वतः एका टोकाला स्टुलावर, कानांवर हेडफोन. तिघांनी एकच ठेका वाजवून आवाज वाढवायचा, असं हे नव्हतं. एक आवर्तन तिघांत तुकड्या-तुकड्यांनी वाटलं जाई. एकाने सोडलेला ठोका दुसरा उचले, तिसरा त्यात झांजेची किनार भरे. १९६९च्या रचनाही त्यामुळे नव्याने ऐकू येत. फोटो काढायला बंदी असे. कार्यक्रम संपल्यावर बेसवादक टोनी लेव्हिन स्वतःचा कॅमेरा डोळ्याला लावत, तेवढ्यापुरती प्रेक्षकांनाही मुभा. दोन-अडीच तास हजारो माणसं फोन खिशात ठेवून नुसती ऐकत बसत. ८ डिसेंबर २०२१ला तोक्योच्या ऑर्चर्ड हॉलमध्ये या संचाचा शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा फ्रिप आणि लेव्हिन दोघेही ७५ वर्षांचे होते आणि दोघांपैकी कुणीही कुणाच्या आधाराने वाजवत नव्हतं.

कॅमल या बँडचे गिटारवादक अँड्र्यू लॅटिमर यांचं नाव तुलनेने कमी घेतलं जातं. रक्ताच्या आजाराने खचलेल्या लॅटिमर यांच्यावर २००७मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं. रंगमंचावर परतायला २०१३ उजाडलं. सप्टेंबर २०१८मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी ‘मूनमॅडनेस’ हा अल्बम सादर केला. याच सभागृहात १९७५ साली कॅमलने लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर ‘द स्नो गूज’ वाजवलं होतं. लॅटिमर यांची गिटार कधीच वेगावर उभी नव्हती. एक सूर लावायचा, तो ताणायचा, सोडण्याआधी त्याला किंचित कंप द्यायचा, अशी ती शैली. ती वयाला फारशी बळी पडत नाही. वेगावर बेतलेल्या वादकांपेक्षा सुरावर बेतलेले वादक जास्त टिकतात, हे त्यांना ऐकताना पटतं.

कुणी थांबायचंही ठरवतं. कॅनडाच्या रश या त्रयीने २०१५चा दौरा उलट्या क्रमाने रचला होता: सुरुवात ताज्या गाण्यांनी आणि शेवट १९७४च्या पहिल्या अल्बमने. कार्यक्रम पुढे सरके तसतसे लाल कपड्यांतले कामगार रंगमंचावरचं सामान बदलत, कमी करत जात. अखेरीस शाळेच्या सभागृहासारख्या देखाव्यात खुर्चीवर ठेवलेले अॅम्प्लिफायर तेवढे उरत. ड्रमर नील पीअर्ट यांचे खांदे आणि पाय दुखत होते. आपल्याच मापाला कमी पडेल असं वाजवण्यापेक्षा त्यांनी १ ऑगस्ट २०१५ला लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये काठ्या खाली ठेवल्या. जानेवारी २०२०मध्ये मेंदूच्या कर्करोगाने ते गेले.

त्यानंतर त्रयीतले उरलेले दोघे, गेडी ली आणि अॅलेक्स लाइफसन, पुन्हा रश म्हणून वाजवतील असं कुणालाच वाटत नव्हतं. लाइफसन यांना तर संधिवाताचा त्रास. पण ऑक्टोबर २०२५मध्ये दोघांनी २०२६च्या दौऱ्याची घोषणा केली, सुरुवात त्याच फोरममधून. ड्रम्सवर अनिका नीलेस ही जर्मन वादक. २०२२मध्ये ती गिटारवादक जेफ बेक यांच्या दौऱ्यात होती. रशच्या कार्यक्रमाला येणारी निम्मी गर्दी हवेत काठ्या फिरवत पीअर्ट यांचा प्रत्येक ठोका वाजवत असते. ‘टॉम सॉयर’मधल्या सात मात्रांच्या तुकड्यात आणि त्यानंतरच्या ड्रमच्या भरावात कुठला ठोका कधी पडतो, हे त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नीलेसने तो भराव जसाच्या तसा उचलला की स्वतःच्या हाताने वळवला, आणि ली व लाइफसन यांनी तिला त्यासाठी किती मोकळीक दिली, हे मला ऐकायचं आहे.