आवाजाचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविण्याची सवय धर्मगुरूच्या अंगवळणी पडलेली असते. काही वर्षे सरली, की बिशपमहाशयांचे पत्र येते आणि आम्ही आमच्या दोन पेट्या व पुस्तकांची खोकी बांधून नव्या धर्मग्रामाच्या वाटेला लागतो. तलासरीकडील डोंगरपाड्यांतून डहाणूच्या आगर गावी आलो, तेव्हा या सामानात एका संगणकाची आणि एका मायक्रोफोनची भर पडलेली होती. भक्तिगीतांचे ध्वनिमुद्रण घरच्या घरी करावे, त्यासाठी मुंबईच्या स्टुडिओचे भाडे धर्मग्रामाच्या माथी मारू नये, या विचाराने 2014 साली आम्ही ही खटपट आरंभिली होती. स्टुडिओ म्हणजे काय, तर आमची राहती खोली. भिंतींवर गोधड्या टांगावयाच्या, पंखा बंद करावयाचा आणि घाम पुशीत गावयाचे. आगरला आल्यावर तर समुद्राच्या भरतीचे वेळापत्रक पाहूनच गायकवृंदाला बोलवावे लागे. नपेक्षा प्रत्येक स्तोत्रामागे लाटांची गाज ऐकू येई.

हे सारे सुरळीत चालले असता 2025 साली एक निराळेच बिऱ्हाड हलविण्याची पाळी आली. आमचा संगणक ‘विंडोज 10’ या कार्यप्रणालीवर चालत असे. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारा मूळ प्रोग्रॅम. बाकीचे सारे प्रोग्रॅम तिच्या आधारावर उभे असतात. 14 ऑक्टोबर 2025 पासून या प्रणालीची नेहमीची देखभाल संपली. पुढील आवृत्तीसाठी यंत्रात विशिष्ट सुरक्षा-चकती आणि नव्या पिढीचा प्रोसेसर असावा लागतो. आमचे यंत्र जुने, ते त्या अटींत बसेना. नवे यंत्र घेण्यास पैसा नव्हता आणि चालते यंत्र भंगारात काढण्यास मन धजेना. तेव्हा गायकवृंदातील एका तरुणाने ‘लिनक्स’चा मार्ग सुचविला. 1991 साली लिनस टॉर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने जिचा पाया घातला आणि जगभरच्या असंख्य हातांनी जी उभारली, ती ही प्रणाली विनामूल्य मिळते व जुन्या यंत्रावरही सुखाने नांदते. ध्वनिमुद्रणासाठी तिच्यावर ‘ऑडॅसिटी’ आणि ‘आर्डर’ हे प्रोग्रॅम चालतात. तेही सर्वांना खुले आहेत. आम्हांस हा विचार पटला.

स्थलांतराच्या आदल्या रात्री त्या तरुणाने विचारले, “फादर, सगळी गाणी वेव्ह फाइलमध्ये काढून घेतलीत ना?”

“घेतली, घेतली,” आम्ही म्हणालो. वस्तुतः आम्ही सारे फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर उतरविले होते, एवढेच. आत काय आहे, हे उघडून पाहिले नव्हते. दिवसभराच्या कामाने थकलो होतो आणि अज्ञान कबूल करण्यापेक्षा ‘हो’ म्हणणे सोपे होते. दुसऱ्या दिवशी संगणकाची जुनी पाटी पुसून तिच्यावर लिनक्स बसविण्यात आले.

पहिले काही दिवस नव्या घरात चाचपडण्यात गेले. मायक्रोफोन जोडण्याची यूएसबी पेटी कोणत्याही वेगळ्या प्रोग्रॅमवाचून ओळखली गेली, तेव्हा आनंद झाला. परंतु कानांत हेडफोन लावून गावे, तर स्वतःचाच आवाज किंचित मागाहून ऐकू येई, जणू कोणी आमची नक्कल करीत आहे. संगणक आवाजाचे तुकडे साठवून मग पुढे पाठवितो. हा साठा मोठा ठेवला तर विलंब वाढतो, फार लहान ठेवला तर आवाज तुटतो, हे तेव्हा उमगले. साठा 256 नमुन्यांवर आणला. सेकंदाला 48,000 नमुने घेतले जात असल्याने त्या साठ्याचा विलंब अवघा पाच-सहा मिलिसेकंद झाला आणि ते भूत निघून गेले. बोटे मात्र कित्येक दिवस जुन्याच वाटेने जात राहिली. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या बोटांनाही बदलीचे पत्र द्यावे लागते!

आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात तलासरीकडून एक मुलगी आली. आमच्या जुन्या धर्मग्रामातील मास्तरांची ती नात. मास्तर म्हणजे तेथील धर्मशिक्षक. आमच्यासारखे किती धर्मगुरू आले आणि गेले, पण पाड्यापाड्यांत प्रार्थना शिकविणारे, आजाऱ्याजवळ रात्र काढणारे मास्तर तेच राहिले. प्रभूच्या दुःखसहनाची अकरा गाणी त्यांनी वारली बोलीत बांधली होती. 2019 च्या उपवासकाळात त्यांच्याच घरी बसून ती सर्व आम्ही ध्वनिमुद्रित केली होती. 2021 साली मास्तर देवाघरी गेले.

“फादर, आजीला आता दिसत नाही,” नात म्हणाली. “ती सारखी म्हणते, फादरांकडे तुझ्या आजोबांचा आवाज आहे, तो मला एकदा ऐकव.”

“बस बाय, आत्ता लावतो,” असे म्हणून आम्ही बाहेरची डिस्क जोडली.

अकराही फाइली डोळ्यांसमोर होत्या. त्यांतली एकही उघडेना.

कारण समजण्यास फार वेळ लागला नाही. फाइलींच्या आकाराकडे पाहिले आणि पोटात खड्डा पडला. आम्ही ज्या दर्जाने मुद्रण करीत असू, त्यात चार मिनिटांच्या गाण्याला सुमारे 35 मेगाबाइट जागा लागते. येथे प्रत्येक फाइल काही किलोबाइटांची होती. त्या फाइलींत आवाज नव्हताच. या ठिकाणी काप, तेथे आवाज उतरता कर, पेटीचा सूर मागे ने, एवढ्या केवळ सूचना होत्या. औषधाची चिठ्ठी म्हणजे औषध नव्हे, तद्वत ही आमच्या संपादनाची चिठ्ठी होती. शिवाय ती ज्या प्रोग्रॅमच्या भाषेत लिहिलेली, तो लिनक्सवर चालत नाही. त्याची ती जुनी आवृत्ती आता कोठे मिळतही नाही. त्या प्रोग्रॅमला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न आम्हांस आदल्याच रात्री विचारला गेला होता.

मुलीला जेवावयास बसविले आणि आम्ही फोल्डरामागून फोल्डर धुंडाळू लागलो. एका आतल्या कप्प्यात, नुसते आकडे हेच नाव असलेल्या काही मोठ्या फाइली सापडल्या. त्या ‘वेव्ह’ स्वरूपातील होत्या. हे स्वरूप 1991 साली मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी आणले, पण त्याची रचना सर्वांना ठाऊक असल्यामुळे आज ते कोणत्याही प्रणालीवर वाजते. अकरांपैकी सात गाण्यांचे कच्चे, न कापलेले मुद्रण असे मिळाले. उरलेली चार गाणी आम्ही जागा वाचविण्यासाठी त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या बंदिस्त स्वरूपात साठविली होती. ती आजतागायत उघडलेली नाहीत. उघडतील अशी आशाही आम्ही आता धरीत नाही.

त्या चार गाण्यांचे शल्य अधिक बोचते, कारण सहा वर्षे ती आमच्या हाताशी होती. संग्रह केव्हाच लोकांच्या हाती देता आला असता. पण आम्हांस तो निर्दोष हवा होता. विजेच्या तारेतून येणारी 50 हर्ट्झची गुणगुण काढ, कोंबड्याचे आरवणे पूस, मास्तरांचा खोकला काप, असे करता करता सहा उपवासकाळ निघून गेले.

यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील छत्तिसावा अध्याय वाचकांना आठवत असेल. यहोयाकीम राजाने संदेष्ट्याची गुंडाळी सुरीने कापून शेगडीत जाळली. तेव्हा यिर्मयाने सारे पुन्हा सांगितले आणि बारूखाने ते पुन्हा लिहून काढले. आमची गुंडाळी कोणा राजाने जाळली नाही, ती आमच्याच हातून गेली. आणि पुन्हा सांगावयास मास्तर नाहीत.

आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहासही हेच शिकवितो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रोमन लिपीत छापले गेले. पुढे 1649 आणि 1654 साली ते पुन्हा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मग ते काव्य आपल्यापर्यंत कसे आले? श्रद्धावंतांनी ते हाताने उतरवून घेतले म्हणून. त्याची देवनागरी हस्तलिखित प्रत थेट लंडनपर्यंत पोहोचली. हस्तलिखितांच्या आधारे 1907 साली मंगळूरला जे. एल. सल्डाना यांनी ते रोमन लिपीत प्रसिद्ध केले आणि 1956 साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. छापखान्याहून वहीत, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत, असे त्या काव्याचे बिऱ्हाड सतत हलत राहिले आणि म्हणूनच ते जगले. ज्याने उतरवून घेतले, त्याला ते वाचता येत होते, हे मात्र विसरता कामा नये. न उघडता वाहून नेलेल्या पेटीला स्थलांतर म्हणत नाहीत.

नाताळाच्या आठवड्यात आम्ही ती सात गाणी घेऊन मास्तरांच्या घरी गेलो. आजी ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. चार गाणी हरवल्याचे प्रथमच सांगून टाकले. त्या काही बोलल्या नाहीत. मग आम्ही जे होते ते लावले, अगदी कच्चे. कापावयास आता सूचनाही उरल्या नव्हत्या. गाण्याआधी मास्तर स्वतःचे नाव, गावाचे नाव आणि तारीख खणखणीत आवाजात सांगत. वेळ खातो म्हणून तो भाग आम्ही प्रत्येक ठिकाणी कापला होता.

पाचव्या गाण्याच्या मध्यावर भांड्यांचा खडखडाट ऐकू आला. वाचकांना ठाऊक असेल, 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसू लागले होते आणि पुढेही कित्येक महिने माणसे उघड्यावर निजत होती. मुद्रणाच्या त्या दिवशीही एक धक्का बसला होता. फळीवरची भांडी वाजतात, गाणे तुटते आणि मास्तर हाक मारतात, “आधी तू बाहेर हो!” पावलांची धावपळ होते, मग बराच वेळ नुसती शांतता. मग अंगणातून हसणे ऐकू येते, मास्तर आत येतात, घसा खाकरतात आणि ज्या ओळीवर थांबले होते, नेमकी तीच ओळ उचलतात.

त्या दिवशी आम्ही तेथेच होतो. तरीही ती हाक आम्ही विसरून गेलो होतो, कारण संपादनात सर्वांत आधी कापला तो हाच भाग.

“मलाच हाक मारली होती,” आजी म्हणाल्या. “परत लावा, फादर.”

आम्ही तीन वेळा लावले.

निघताना आजींनी आपण होऊन सांगितले, की हरवलेल्या चारांपैकी दोन गाणी त्यांना थोडीथोडी येतात. मायक्रोफोन पिशवीत होताच. त्यांनी जेवढे आठवले तेवढे म्हटले. एकाची तीन कडवी, दुसऱ्याचे केवळ धृपद. तो मास्तरांचा आवाज नव्हे, आणि पूर्ण गाणेही नव्हे. पण त्यात कोंबडा आरवतो, तो आम्ही तसाच ठेवला आहे.

आता आमची रीत बदलली आहे. मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपात, किंवा जागा कमी असल्यास ‘फ्लॅक’ या खुल्या स्वरूपात, आम्ही न कापता ठेवतो. संपादन करावयाचे ते नकलेवर. फाइलीला आकड्यांऐवजी माणसाचे, गावाचे नाव व तारीख देतो. तीन प्रती करतो, त्यांपैकी एक आगरच्या बाहेर असते. आणि गाणाऱ्याला आधी नाव-गाव सांगावयास लावतो, मास्तर सांगत तसे.

वाचकहो, आपल्याही घरच्या संगणकात, मोबाइलमध्ये कोणाचा ना कोणाचा आवाज असेल. आजोबांची जपमाळ असेल, आईने म्हटलेली लग्नातली गाणी असतील. यंत्र बदलण्यापूर्वी त्यांतील प्रत्येक फाइल दुसऱ्या यंत्रावर स्वतः उघडून, स्वतः ऐकून पाहा. आणि कोणी तरुणाने विचारले, “सगळे काढून घेतले ना?”, तर घाईने ‘हो’ म्हणू नका.