पेशव्यांच्या पुण्यातील इगर्जी

होटगी जंक्शनावर उतरलेल्या प्रवाशापुढे दोन वाटा असतात. दक्षिणेकडे वळणारा लोहमार्ग विजापुरास, म्हणजे घुमटांच्या गावास जातो. दुसरा सोलापूर, कुर्डुवाडी, दौंड करीत पुण्यास पोचतो. विजापूरची वाट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी केली असेल, आणि गोलघुमटाच्या सज्जात आपलाच आवाज परत ऐकून मुलेमाणसे कशी हरखतात, हेही त्यांस ठाऊक असेल. आम्ही या खेपेस दुसरी वाट धरली. पुण्यास जाणारा मनुष्य शनिवारवाडा पाहतो, पर्वती चढतो, तुळशीबागेत खरेदी करतो. परंतु नाना पेठेत क्वार्टर गेटापाशी जी जुनी इगर्जी आहे, तिकडे सहसा कोणी वळत नाही. तीच पाहण्याचा आमचा मानस होता.

‘इगर्जी’ हा शब्द पोर्तुगीजांकडून गोव्यास व तेथून मराठीत आला. पुण्यातील कॅथलिक पंथाचे हे पहिले उपासनामंदिर. येशूची माता मरिया हिच्या ‘निष्कलंक गर्भसंभवा’स ते वाहिलेले आहे, लोक त्यास ‘सिटी चर्च’ म्हणतात. पणजीच्या प्रसिद्ध पांढऱ्या देवळाचेही नाव हेच, आणि हा योगायोग नव्हे. पोर्तुगालचा राजा चौथा जुवांव याने 1646 साली मरियेस याच नावाने आपल्या राज्याची संरक्षक देवता मानले होते. रोमच्या पोपने या सिद्धान्तावर आपली मोहर उठविली ती 1854 साली. म्हणजे पुण्यातील इगर्जीस हे नाव मिळाले, त्यानंतर साठ वर्षांनी!

तिची स्थापना 1792 सालची. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज अंमलदार होते, गोव्याकडील व इतर ख्रिस्ती शिपाई होते. त्यांच्यापैकी दों मिगेल द नोरोन्या या अंमलदाराने विनंती केली आणि सवाई माधवरावांनी देवळाकरिता जागा दिली. त्याच वर्षीच्या नाताळात तेथे पहिली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना झाली. माधवराव त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे. राज्याची सूत्रे नाना फडणविसांच्या हाती होती, हे वाचकांस सांगावयास नकोच.

येथे आमचे मन किंचित अडखळले. याच माधवरावांच्या पणजोबांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा. त्यांनी 1739 च्या मे महिन्यात वसई घेतली आणि उत्तर कोकणातील फिरंगी अंमल बुडविला. त्या अंमलात हिंदूंची देवळे पडली होती, सक्तीची धर्मांतरे झाली होती. त्याचा सल महाराष्ट्राच्या मनात खोल होता. वसईच्या इगर्ज्यांतील घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर आल्या आणि भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकराचे देऊळ अशा ठिकाणी टांगल्या गेल्या. अशीच एक घंटा वाईजवळ मेणवलीस, खुद्द नानांनी बांधलेल्या कृष्णाघाटावर आहे. आणि त्याच नानांच्या कारभारात, त्यांचेच नाव धारण करणाऱ्या पेठेत, फिरंग्यांच्या देवास जागा मिळावी!

पुष्कळ लेखक यास सर्वधर्मसमभावाचा दाखला म्हणून मिरवितात. आम्हांस ते थोडे सोयीचे वाटते. 1792 चे पुणे हे लष्करी स्पर्धेचे पुणे होते. त्याच वर्षी महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले. द ब्वान याने कवायत शिकविलेल्या त्यांच्या पलटणींचा दरारा साऱ्या हिंदुस्थानभर होता. तोफखाना व कवायती पायदळ हवे, तर ती विद्या जाणणारी माणसे हवीत; आणि माणूस टिकावयाचा, तर त्याच्या घरी मूल जन्मले, लग्न ठरले, कोणी मेले, तर संस्कार करावयास पाद्री हवा. एवढे समजण्याइतका तो दरबार व्यवहारी होता. परंतु नुसता व्यवहार म्हणून सोडून द्यावे, असेही आम्हांस वाटत नाही. ज्यांच्याशी पूर्वजांनी युद्ध केले, त्यांच्या धर्मबंधूंस त्रेपन्न वर्षांनी आपल्या राजधानीत जागा देण्यास मनाचा काही एक मोकळेपणा लागतोच.

पहिली इमारत साधी, मातीची होती. आज दिसते ती 1852 सालची. म्हणजे मराठ्यांचे राज्य गेले, कंपनी सरकार आले, तरी जागा तीच राहिली. लष्करात आयरिश गोऱ्या शिपायांसाठी सेंट पॅट्रिकचे देऊळ 1850 साली उभे राहिले. पूर्वेकडील देवळांवर पोर्तुगालच्या राजाचा जुना हक्क असे. त्यामुळे नाना पेठेतील इगर्जी गोव्याच्या आर्चबिशपकडे, तर लष्करातील देऊळ रोमच्या थेट सत्तेखाली. एकाच शहरात एकाच पंथाचे दोन धनी! आपल्याकडील मठांचे अधिकारवाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस याचे नवल वाटणार नाही.

अशा देवळाची रचना आपल्या माणसास कळावयास कठीण नाही. लांबट सभामंडप, टोकाशी गाभाऱ्याच्या जागी वेदी. तेथील पवित्र भाकरीच्या पेटीजवळ अखंड दिवा, आपल्या नंदादीपासारखा. मात्र प्रदक्षिणेची वाट नाही. येथे सर्वांनी मिळून एका दिशेस तोंड करून बसावयाचे. पूर्वी पाद्रीही लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मंत्र म्हणत असे. 1962 ते 1965 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो लोकांकडे वळला, आणि देवळांतून देशी भाषांत मिस्सा होऊ लागली. मराठी भाषा या पंथास नवी नव्हती. फादर स्टीफन्सने आपले ख्रिस्तपुराण ओवीबद्ध मराठीत रचून 1616 सालीच गोव्यात छापविले होते.

इगर्जी पाहावयाची तर उपासनेची वेळ टाळून जावे, आणि आत मोठ्याने बोलू नये. पुढे सवड असल्यास वाईस उतरून मेणवली गाठावी. कोस-दीड कोसाचाच रस्ता आहे. घाटावरील घंटेवर 1707 हा आकडा आणि बाळ येशूस कडेवर घेतलेली मरिया अजूनही स्पष्ट दिसते.