आधीं ऊब, मग दूध

मांजर आणि दूध यांची जोडी आपल्या भाषेनें इतकी घट्ट बांधून ठेविली आहे कीं, एकाचें नांव काढतांच दुसरें आपोआप आठवावें. मांजर डोळे मिटून दूध पितें. शिंकें तुटतें तें बोक्याच्या नशिबानें. दुधाच्या राखणीस मांजर बसवूं नये. हें सारें आपण शाळेंत जाण्यापूर्वींच ऐकलेलें असतें. म्हणून, मांजराच्या एका पिलानें दूध प्यावें यासाठीं आमच्या घरांत पंधरा रात्री दिवा जळत होता असें सांगितलें, तर वाचकांस हंसूं येईल. येऊं द्यावें. आमचे शेजारीही पहिल्या दिवशीं हंसलेच होते.

जुन्या पंडितांनीं मात्र या पिलाला तत्त्वज्ञानांत मानाचें स्थान दिलें आहे. रामानुजाचार्यांच्या पश्चात् दक्षिणेकडील वैष्णवांत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, वानराचें पिलूं जसें आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहतें, तसा भक्तानेंही कांहीं प्रयत्न केला पाहिजे. दुसरा म्हणे, छे! मांजराचें पिलूं कांहींच करीत नाहीं. आईच त्याला मानगुटीस धरून नेते, तसेंच भक्तानें निश्चिंत असावें. हाच तो मार्जारकिशोरन्याय. नेण्याआणण्यापुरता हा दृष्टांत बिनचूक आहे. मानगूट धरतांच पिलूं पाय आंखडून अंग सैल सोडतें, हें मीं स्वतः पाहिलें आहे. परंतु जेवणाच्या बाबतींत पंडितांनीं पिलाकडे नीट पाहिलें नसावें, असें मला नम्रपणें वाटतें. दूध त्याच्या ओंठापर्यंत नेतां येतें. पुढचें काम सर्वस्वीं त्याचें. तेथें आईचाही इलाज चालत नाहीं, मग माझ्यासारख्याचा कोठून चालणार?

आमचें डोलवी गांव पेण तालुक्यांत, आंबा नदीच्या खाडीजवळ वसलेलें आहे. इकडे खारीचीं भातशेतें, त्यांचे बांध आणि उघाड्या; तिकडे पोलादाचा प्रचंड कारखाना; आणि जवळूनच मुंबई-गोवा महामार्ग. २०२४ सालच्या आषाढांत तीन दिवस पाऊस धरून राहिला होता. शेजारच्या पडक्या गोठ्याचें छप्पर खचलें आणि आंतल्या पेंढ्यांत दोन पिलें ओरडतांना आढळलीं. एक भुरें, दुसरें काळें. माझा हात पुढें झाला, तोंच आजीनें मला थांबविलें. मांजरी आपल्या पिलांना सात घरें दाखविते, असें आपल्याकडे म्हणतात. सात हा आंकडा सोडून दिला तरी ती जागा बदलीत असते हें खरें. आणि एक पिलूं नेऊन दुसऱ्यासाठीं ती परत येईपर्यंत पिलें एकटींच दिसतात. एकटीं दिसलीं म्हणजे पोरकीं झालीं, असें नव्हे. आम्हीं वरून एक गोणपाट आडवें धरून बांधलें आणि दूर पडवींत बसून दिवेलागणीपर्यंत वाट पाहिली. शेवटीं वरच्या आळींतील एका मुलानें येऊन सांगितलें कीं, भुऱ्या रंगाची एक मांजरी सकाळींच महामार्गावर वाहनाखालीं सांपडली. तेव्हां पिलें घरांत आलीं.

वजन करण्यासाठीं त्यांना कापडांत गुंडाळून किराणा दुकानांतल्या कांट्यावर नेलें. भुरें भरलें १६४ ग्रॅम, काळें १३८. मांजराचें पिलूं जन्मतां सुमारें १०० ग्रॅमचें असतें आणि आठदहा दिवसांत दुप्पट होतें. यांचे डोळे नुकतेच किलकिले झाले होते, म्हणजे वय दहा दिवसांच्या आसपास. त्या मानानें दोघेंही उपाशीं. दुकानदार शेटजींनीं ते आंकडे एका पुड्याच्या कागदावर लिहून दिले आणि म्हणाले, "रोज याच वेळेला आण. वाढतंय कीं घटतंय, हें कांटाच सांगेल."

घरीं परततों तों सल्लागारांची गर्दी झालेली. एकीनें बशींत म्हशीचें दूध आणलें होतें, दुसरीच्या हातांत बिस्किट होतें, तिसरी म्हणे, दुधांत साखर घाला म्हणजे आवडीनें पिईल. सर्वांचा हेतु चांगला होता. परंतु दहा दिवसांच्या पिलाला बशींतून चाटणें येत नाहीं, त्याला केवळ चोखणें येतें. बशींत तोंड घातलें तर दूध नाकांत जातें. आणि साखरेविषयीं एक चमत्कारिक गोष्ट शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं उघडकीस आणली आहे. गोड चव ओळखण्यास जिभेवर जी रचना लागते, तिच्यासाठीं आवश्यक असलेलें एक जनुक मांजराच्या कुळांत निकामी झालेलें आहे. वाघ काय, मांजर काय, साखर त्यांस साखर लागतच नाहीं. पिलूं अगदींच गळून गेलें असतां साखरेच्या पाण्याचा थेंब हिरड्यांस लावतात, तो शक्तीसाठीं, चवीसाठीं नव्हे.

आजीनें कोणाशींही वाद घातला नाहीं. तिनें करंगळी पिलाच्या तोंडांत घातली आणि म्हणाली, "तोंड गार आहे. आधीं शेकव, मग पाज."

पेणच्या पशुवैद्यांना दूरध्वनि केला, तेव्हां त्यांनींही अक्षरशः हेंच सांगितलें, फक्त कारणासह. इतक्या कोंवळ्या पिलाला स्वतःची ऊब राखतां येत नाहीं. आई आणि भावंडें हींच त्याची चूल. अंगाचें उष्णतामान ३५ अंशांच्या खालीं उतरलें कीं आंतड्यांची हालचाल मंदावते, आणि त्या स्थितींत पोटांत गेलेलें दूध पचत नाहीं, तसेंच पडून नासतें. थंड पडलेलें पिलूं भुकेनें ओरडत असलें, तरी त्याला दूध देणें म्हणजे विझलेल्या चुलीवर भात चढविण्यासारखें आहे. आम्हीं गरम पाण्याची बाटली जुन्या लुगड्याच्या घडींत गुंडाळली आणि पिलांना तिच्या शेजारीं ठेविलें. बाटलीवर नव्हे, शेजारीं, म्हणजे उकडूं लागल्यास सरकतां यावें. पायांचे तळवे उबदार लागण्यास दोन तास गेले. तोंवर दादा पावसांतून पेणला जाऊन पिलांसाठीं मिळणारी दूधभुकटी, बिनसुईच्या दोन बारीक पिचकाऱ्या आणि एक इवलीशी बाटली घेऊन आला.

भुकटीच कां, म्हशीचें ताजें दूध कां नको, असें अनेकांनीं विचारलें. गाईच्या दुधांत प्रथिनें शेंकडा सुमारें ३.३ असतात, म्हशीच्या दुधांत थोडीं अधिक. मांजरीच्या दुधांत मात्र तीं गाईच्या दुपटीहूनही जास्त. उलट, अंगीं लागणाऱ्या शक्तीच्या मानानें गाईच्या दुधांत दुग्धशर्करा फार, आणि ती न पचल्यानें पिलास हगवण लागते. १५० ग्रॅमच्या जिवाला एका दिवसाची हगवण पुरेशी होते.

आतां दूध होतें, ऊब होती, भूकही असावी. तरी पिलें पिईनात. बाटलीचें बूच ओंठास लागतांच तीं मान फिरवीत. पिचकारीचा थेंब जिभेवर ठेविला तर तो तोंडाच्या कडेनें बाहेर येई. दादा उतावीळ झाला. "पीत नाहीं, तर थोडें बळेंच ओत ना!" आजी म्हणाली, "ओतायला तें काय मडकें आहे?"

आजीनें ट्रंकेंतून आमच्या घराण्याचें पितळी बोंडलें काढलें. याच बोंडल्यानें माझ्या वडिलांना दूध पाजलें होतें. तिनें तें हातांत फिरवून पाहिलें आणि पुन्हां ठेवून दिलें. बोंडल्याचें दूध आपोआप वाहतें. माणसाचें मूल मांडीवर उताणें घेतलेलें असतें आणि तें घुटका सांभाळतें. मांजराच्या पिलाला उताणें घेऊन पाजलें, किंवा त्याच्या गिळण्यापेक्षां थेंब वेगानें पडले, तर दूध श्वासनलिकेंत उतरून निमोनिया होतो. तें आईपाशीं असतें तसें पालथें, चारी पायांवर, मान किंचित् वर, असेंच ठेवावें लागतें. आणि एक थेंब गिळला हें घशावर दिसल्यावांचून दुसरा सोडावयाचा नाहीं. थेंबानें पिलाची वाट पाहावयाची.

त्या रात्रीं मी वाट पाहावयास शिकलों, असें म्हटलें तरी चालेल. बाहेर पावसाची झोड. ढगांवर कारखान्याच्या भट्टीचा तांबूस उजेड. महामार्गावरून अवजड गाड्यांची घरघर. दर अडीच-तीन तासांनीं दूध पुन्हां कोमट करावें, मनगटावर थेंब टाकून पाहावा, आणि अर्धा तास बसून चमचाभरही न संपतां उठावें. मधून मधून आजी ओल्या कोमट कापसानें त्यांचीं पोटें खालच्या बाजूस पुशी. या वयाच्या पिलांना मलमूत्रही आईनें चाटल्यावांचून होत नाहीं. आणि पोट साफ नसेल तर भूक कशी लागावी?

काळें पिलूं दुसऱ्या दिवशीं पहांटे गेलें. तें दोन वेळां तोंड उघडून स्वस्थ झालें. डॉक्टरांनीं फोनवर ऐकून सांगितलें कीं, आईवांचून आलेल्या इतक्या हलक्या पिलांतून पुष्कळ अशींच जातात. आजीनें त्याला परसांत शेवग्याखालीं पुरलें आणि आंत येऊन पहिला प्रश्न केला, "भुरें गरम आहे ना?"

तें गरम होतें. परंतु आतां त्याच्या उबेंतली भावंडाची अर्धी ऊब नाहींशी झाली होती. सकाळीं कांट्यावर १५७ ग्रॅम भरलें. शेटजींनीं आंकडा लिहिला आणि कांहीं बोलले नाहींत.

गुरुकिल्ली नाकांत सांपडली. पिलाचे डोळे मिटलेले असतात तेव्हां तें नाकानेंच आईचें स्तन शोधतें. पहिल्या कांहीं दिवसांतच बहुतेक पिलें आपापलें ठराविक स्तन धरून बसतात, तेंही वासावरूनच. वास नाहीं, तर तें अन्नच नव्हे. आमच्या पिलाचें नाक सर्दीनें भरलें होतें, हें डॉक्टरांनीं दादानें पाठविलेल्या चित्रावरून ओळखलें. किंचित् मीठ घातलेल्या कोमट पाण्यानें कापूस भिजवून आम्हीं तें अलगद स्वच्छ केलें. मग आजीनें खरखरीत ओलें फडकें घेऊन त्याच्या डोक्यावरून आणि पाठीवरून, मांजरी जिभेनें चाटते तसें, पुसावयास आरंभ केला. त्याच्या पुढच्या पायांखालीं लोकरीच्या टोपीचा तुकडा ठेविला. आईपाशीं पिलूं पुढच्या पायांनीं मळतें, त्यानें दूध उतरतें. पायांना मळावयास कांहीं नसलें, तर तोंडालाही काम आठवत नसावें. मीं तळहाताचा द्रोण करून त्याच्या तोंडाभोंवतीं अंधार केला आणि बाटलीचें बूच ओंठाशीं नुसतें टेंकवून धरलें.

किती वेळ गेला, तें सांगतां येणार नाहीं. पाय लोकरीवर हलले. एकदां, पुन्हां एकदां. मग जीभ बुचाभोंवतीं पन्हाळीसारखी वळली. आणि त्याचे दोन्ही कान तालांत मागेंपुढें हलूं लागले. दूध खरोखर पोटांत उतरत असल्याची खूण हीच, हें डॉक्टरांनीं सांगून ठेविलें होतें. चार मिलिलिटर! आजीनें बाटली काढून घेतली. एवढ्याशा पोटांत वजनाच्या दर शंभर ग्रॅमला एका वेळीं चारपांच मिलिलिटरांहून अधिक मावत नाहीं, आणि पहिल्याच जेवणांत पोट तडस लागेपर्यंत भरणें बरें नव्हे.

पुढचा वृत्तांत त्या पुड्याच्या कागदावरच आहे. १५७, मग १५९, मग १६८. त्यानंतर रोज दहापंधरा ग्रॅमची वाढ. चौथ्या दिवशीं शेटजींनीं गिऱ्हाईक थांबवून कांटा मोकळा करून दिला. रात्रींच्या पाळ्या आम्ही तिघांनीं वांटून घेतल्या. मला पहांटेची मिळाली, आणि चाचणी परीक्षेंत ती मला भोंवली. पण तें प्रकरण निराळें.

वय चार आठवड्यांचें झालें, दात टोंचूं लागले, तेव्हां दूध कमी करून उकडलेल्या मासळीचा कांटे काढलेला, बिनमिठाचा गर भुकटीच्या दुधांत कालवून बोटावर दिला. पहिल्या दिवशीं तें त्यांतून चालत गेलें. दुसऱ्या दिवशीं पाय चाटतां चाटतां त्याला उमगलें कीं, हें खावयाचें असतें. आपल्याकडे मांजर दूधभातावर पोसण्याची चाल आहे. ती प्रेमाची असली तरी अपुरी आहे. मांस आणि मासळी यांतून मिळणारें टॉरिन नांवाचें द्रव्य आहारांत नसेल, तर मांजराच्या डोळ्यांचा आंतला पडदा झिजून तें आंधळें होतें, हें १९७५ सालीं सिद्ध झालें. हृदयही त्यावांचून दुबळें होतें, हें १९८७ सालीं. वनस्पतींत तें जवळजवळ नसतेंच.

तें भुरें पिलूं आतां चांगला दांडगा बोका झालें आहे. ओहोटीला उघाडीपाशीं चिखलांत निवट्या उड्या मारूं लागल्या कीं तो बांधावर जाऊन बसतो, आणि एखादी साधली नाहीं तर आमच्याकडे रागानें पाहतो. दूध मात्र तो पीत नाहीं. आजी अजूनही कधीं कधीं वाटी पुढें ठेवते. तो हुंगतो आणि बांधाकडे निघून जातो.