एका वहीतील दोन हिशेब

कुर्ल्यातील माझ्या दवाखान्यात गुडघेदुखीसाठी येणारे रुग्ण बहुधा साठीच्या पुढचे असतात. त्यामुळे गेल्या वर्षी नेहमीचे एक आजोबा आले, तेव्हा मी सवयीने त्यांच्याच गुडघ्याकडे पाहिले. “आज माझे नव्हे डॉक्टर, याचे पाहा,” म्हणत त्यांनी नातवाला पुढे केले. वय तेरा, वर्षभरात झपाट्याने वाढलेली उंची आणि बास्केटबॉलचे वेड.

“शाळेत किती दिवस खेळतोस, बाळा?” मी विचारले.

“तीन दिवस.”

एवढ्यावरच मी वाढीच्या वयातले किरकोळ दुखणे समजून मलम लिहून दिले आणि खेळण्यास हरकत घेतली नाही. ती माझी चूक होती.

तीन आठवड्यांनी मुलगा लंगडत आला. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी टणक, दुखरा उंचवटा आला होता. आजोबांनी पिशवीतून रक्तदाबाच्या नोंदींची वही काढली. डाव्या पानावर त्यांचे आकडे होते आणि उजव्या पानावर नातवाचे. शाळेचा सराव तीन दिवस, दीड-दीड तास. क्लबचा चार संध्याकाळी, दोन-दोन तास. जिल्हा निवड चाचणीच्या तयारीसाठी रविवारी तीन तास. बेरीज साडेपंधरा तास, सामने निराळेच. प्रत्येक प्रशिक्षकाला आपापला सराव ठाऊक होता. सगळे मिळून किती, हे फक्त आजोबांना ठाऊक होते.

शाळेच्या मैदानावर दम लागला की मूल बाजूला बसते. जिल्हा पातळीवर प्रतिस्पर्धी उंच नि दणकट असतात. उडी, अचानक थांबणे, वळणे यांचा वेग वाढतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना ४० मिनिटांचा असतो आणि चेंडू ताब्यात आल्यावर २४ सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागतो. प्रत्येक उडीनंतर जमिनीवर उतरताना पायांवर वजनाच्या कित्येक पट भार येतो. लहानांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटर उंचीवर असते. कोवळ्या शरीराला मोठ्यांचे माप लावू नये, हे या खेळानेच मान्य केले आहे. मात्र वरच्या पातळीचा सराव सुरू झाला तरी खालच्या पातळीचा थांबत नाही. भार साचतो तो तिथे.

वाढीच्या वयात हाडे भराभर लांबतात, स्नायू मागे पडतात. मांडीचा ताठर स्नायू नडगीच्या कोवळ्या टोकाला वारंवार ओढतो आणि तिथे दाह होतो. या विकाराला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. वाढ पूर्ण होताना तो बहुधा थांबतो. तोवर भार कमी करणे, कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेकणे आणि मांडीच्या स्नायूंना ताण देणारे व्यायाम, हाच मुख्य उपचार.

आजोबांनी तरुणपणी नागपाड्यात जाऊन सामने पाहिले होते. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुन्तसिर तिथलेच, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. पण नातवाची निवड चाचणी त्या वर्षी हुकली. “वही दाखवली म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलला नाही,” असे सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता.

घरातील ज्येष्ठांना म्हणूनच माझे सांगणे आहे. शाळा, क्लास, क्लब, सामने या सर्वांचे तास एकत्र मोजा. आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा अधिक नसावेत, हा सोपा ठोकताळा. आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण विश्रांती आणि तेरा वर्षांपुढील मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवीच. आपल्या गुडघेदुखीच्या गोळीचा अर्धा तुकडा नातवंडाला कदापि देऊ नका. लंगडणे, सूज, ताप, रात्री झोपमोड करणारी वेदना असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. काही वेळा विकार खुब्यात असतो आणि दुखतो मात्र गुडघा.

तो मुलगा चार महिन्यांनी पुन्हा खेळू लागला. गेल्या महिन्यात आजोबा रक्तदाब तपासायला आले, तेव्हा मी उजवे पान मुद्दाम पाहिले. बुधवार आणि रविवारपुढे ‘विश्रांती’ लिहिले होते. अक्षर नातवाचे होते.