रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

आमच्या रविवारच्या पक्षीवाल्या टोळक्यात कोणी "अरे, काहीतरी भारी दिसलं!" म्हटलं की टाळ्या पडत नाहीत, डायरेक्ट उलटतपासणी सुरू होते. किती वाजता? ऊन कुठून होतं? डोक्यावर ठिपके होते का? फोटो कुठाय? नवीन मंडळी बिचारी हिरमुसतात. एका पोराने मागे वैतागून विचारलंच, "मी काय खोटं बोलतोय का?" तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या काकांनी त्याला कटिंग पाजला आणि रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. मला ती एखाद्या सस्पेन्स सिनेमाइतकी आवडते, म्हणून तुम्हालाही सांगतो.

आपल्या सोसायटीच्या झाडावर चिर्रचिर्र करणारा तो साधा पिंगळा. रानपिंगळा त्याचा जंगलातला भाऊ. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छाती गडद, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आणि स्वारी दिवसाउजेडी शिकारीला बाहेर! १८७३ साली ह्यूमने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ मध्ये डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात शेवटचा नमुना मिळवला. त्यानंतर पक्षी गायब.

पण एक नोंद मध्येच उभी होती. कर्नल माइनर्ट्झहागन यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलेलं, मांडवी, गुजरात, १९१४. एवढा मोठा माणूस, त्याच्यावर शंका कोण घेणार?

शंका घेतली पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी. त्यांनी तो भुसा भरलेला पक्षी बारकाईने तपासला. जुनी शिवण उसवून तो नव्याने भरलेला होता, पण डेव्हिडसनच्या हातच्या खुणा शिल्लक होत्या. म्हणजे काय, तर कर्नलसाहेबांनी ब्रिटिश म्युझियममधला नमुना ढापला आणि त्याला स्वतःची चिठ्ठी लावली! आमच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याचा कोड चोरून वर कॉमेंटमध्ये तारीखही बदलली.

मग बाईंनी मांडवी सरळ यादीतून उडवली आणि जिथे पक्षी खरोखर सापडले होते त्या जुन्या जागा धरल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासोबत असताना त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटात सापडला, आणि २०१४ मध्ये चक्क मुंबईजवळच्या तानश्यात.

काका त्या पोराला म्हणाले, "बाळा, तू खोटं बोलत नाहीस रे. पण उद्या तुझी नोंद वाचून कोणी पंधरा दिवसांची रजा टाकून रान तुडवेल. त्याच्यासाठी विचारतोय." ईबर्डवर दुर्मिळ पक्षी टाकला की तिथले स्वयंसेवक तपशील मागतात, तेही याचसाठी. बग रिपोर्टमध्ये 'चालत नाहीये' एवढंच लिहिणाऱ्यावर आपण चिडतो ना? मग इथे राग कशाला?

आता खरी गोची. नोंद खरी असली तरी ती जगाला सांगायची का? गेल्या हिवाळ्यात आम्हाला एका कड्यावर शृंगी घुबडाचं घरटं दिसलं. ग्रुपमधल्या ताईंचं मत, "जागा कळू दे, तरच ती वाचवता येईल." काका ठाम, "कळली की शनिवारी वीस कॅमेरे येतील आणि मादी अंड्यांवरून उठेल." दोघांचंही बरोबर होतं, हाच तर त्रास! शेवटी तारीख, वेळ, वर्णन सगळं लिहून ठेवलं, वनखात्याला कळवलं, आणि बाकी सगळीकडे तोंडावर बोट. काही नाजूक प्रजातींचं नेमकं ठिकाण ईबर्डही असंच झाकून ठेवतं.

ऑफिसातला मित्र म्हणाला, "मग तुमच्यात आणि त्या कर्नलमध्ये फरक काय? माहिती तुम्हीही दडवलीत." फरक आहे राव. आम्ही जागा सांगितली नाही, चुकीची जागा सांगितली नाही. गप्प बसलेल्या माणसाला उद्या कोणी विचारू शकतं, वही उघडून दाखवता येते. खोट्या चिठ्ठीला मात्र कोणी विचारायलाच जात नाही, कारण तिच्यावर उत्तर आधीच लिहिलेलं असतं.

ती पिल्लं मार्चमध्ये उडाली. जागा विचारू नका :)