उगमाकडे जाणारी वाट

ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता १९३५ साली खुला झाला. ४८ किलोमीटर लांबी, ३६ अवघड वळणे, २,५०४ मीटरपर्यंतची चढण; आणि वळणावळणाला क्रमांक व उंची सांगणारी पाटी! माणसांनी पर्वत डोळे भरून पाहावा, या हेतूनेच तो बांधला गेला. आमच्या सह्याद्रीतील घाट मात्र ओझ्यासाठी झाले. वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल आंबोलीमार्गे बेळगावला चढत असे. म्हणूनच कोठे थांबावे नि काय पाहावे, हे येथे प्रवाशाला स्वतःच ठरवावे लागते.

यंदा आम्ही निपाणीकर मंडळी तोच बेत आखीत आहोत. आईचे माहेर संकेश्वर. हिरण्यकेशीच्या पाण्यावर तिचे बालपण गेले. परंतु ही नदी निघते कोठून, हे तिने कधी पाहिले नाही. आता तिला ऐंशी वर्षे पूर्ण झाली आहेत. दोन तासांहून अधिक वेळ गाडीत बसले की गुडघे आखडतात. मुलांना हवा आहे समुद्र, आणि हाताशी आहेत अवघे तीन दिवस.

म्हणून नकाशा पसरून आम्ही नदीलाच वाटाड्या केले. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा असे प्रवाहाच्या उलट दिशेने जावयाचे, प्रत्येक गावी घटकाभर पाय मोकळे करावयाचे आणि मुक्कामाला आंबोली गाठावयाची. उगमाची गुहा व तेथील महादेवाचे दर्शन सकाळी, आईचे पाय ताजे असताना. नंतर घाट उतरून सावंतवाडीस दुसरा मुक्काम. तिसऱ्या दिवशी बांदा, दोडामार्ग, साखळी करीत चोर्ला घाटाने वर कणकुंबीस यावयाचे. तेथे मलप्रभेचा उगम. पुढे जांबोटी, बेळगाव आणि घर.

आल्प्समधील उंच रस्ते हिवाळ्यात बर्फ बंद करते. आमच्याकडे पावसाळ्यात धुके, दरडी आणि आंबोलीच्या धबधब्यावरची रविवारची गर्दी. तेव्हा दसऱ्यानंतरचे दिवस निवडले. झरे तोवर वाहते असतात आणि दरीही उघडी दिसते.

समुद्र मात्र या बेतात बसला नाही. मुले थोडी हिरमुसली. समुद्र पुढल्या वर्षीही तेथेच असेल; आजीच्या गुडघ्यांविषयी तशी ग्वाही कोण देणार, एवढेच आम्ही त्यांना सांगितले. ती समजली.

या वाटेवर तीन राज्यांच्या सीमा लागतात. हिरण्यकेशी महाराष्ट्रात उगवते, कर्नाटकात घटप्रभेला मिळते. घटप्रभा आणि मलप्रभा अखेर कृष्णेच्या कुशीत शिरतात. १९५६ साली आखलेल्या रेघेची नद्यांना दखल नाही. सीमाभागातल्या आम्हा माणसांना हे पाहून थोडा धीर येतो.

वाचकांपैकी कोणी असाच बेत आखीत असतील, तर आधी घरातील सर्वांत थकलेल्या माणसाच्या पायांचा अंदाज घ्यावा. किलोमीटर मागाहून मोजावेत.